हरीण की लांडगा

आम्ही व्हिडिओ गेम उशिरा खेळतो. निघाल्या दिवशी पैसे मोजून गेम घ्यायचं वय नोकरी-संसारात गेलं, आणि चार हजार रुपये पहिल्याच आठवड्यात गेमवर घालणारा माणूस आमच्या ओळखीत कुणी नाही. सेल लागला, किंमत तीन आकड्यांवर उतरली, की घ्यायचा. मग पोरं झोपली की रात्री थोडा थोडा, महिनोन्‌महिने. त्यामुळं आपला गेम संपेपर्यंत जगाचं त्याच्यावर बोलून झालेलं असतं. व्हिडिओ निघाले, भांडणं झाली, बक्षिसं मिळाली, मंडळी पुढच्या गेमकडं गेली. आपण मात्र काल रात्री दीड वाजता शेवटची नावं वर सरकताना बघितलेली असतात आणि सकाळी कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरात सांगावं तर बायको म्हणते, "संपला ना? बरं झालं. आता गॅसवाल्याला फोन करा."

मग उरतात ही तिघं. एक मेडिकल दुकानवाला. एक विमा कंपन्यांसाठी नुकसानीचा सर्व्हे करणारा. आणि मेडिकलवाल्याची बायको, आमच्या वहिनी, ज्या मिरजेला शाळेत गणित शिकवतात आणि लग्नानंतर नवऱ्याच्या मागं बसून बघता बघता त्याच्यापेक्षा बऱ्या खेळायला लागल्या. मी कुपवाडला एमआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब बघतो. रविवारी सकाळी सांगलीत विश्रामबागला एका चहाच्या गाड्यावर आम्ही जमतो. सोबत भडंग असतं, कारण सर्व्हेअरला चहाबरोबर बिस्कीट चालत नाही. कुणी काही संपवलं असलं तर त्या दिवशी बोलायचा मान त्याचा.

आता या बोलण्याची एक गंमत सांगतो. "कसा आहे गेम?" असं विचारलं की माणूस काहीतरी ठोकळेबाज बोलतो. ग्राफिक्स भारी आहेत, स्टोरी चांगली आहे, शेवटी जरा लांबलाय. दहापैकी आठ. हे ऐकून कुणाला काही कळत नाही आणि बोलणाऱ्यालाही आपण काही सांगितलंय असं वाटत नाही. बरीच वर्षं आम्ही असंच बोलायचो. मग एका रविवारी हरणावरून भांडण झालं.

मेडिकलवाल्यानं ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ संपवला होता. गेम २०१८चा, गोष्ट १८९९ सालातली. अमेरिकेतल्या लुटारूंची एक टोळी, कायदा मागं लागलेला, आणि आपण आर्थर मॉर्गन नावाचा टोळीतला जुना माणूस. (ज्यांना अजून खेळायचाय त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडून द्यावेत. गेम जुना झालाय, पण आमच्यासारखे उशिरा खेळणारे आणखीही असतील.)

"शेवटाकडं ते हरीण दिसतं बघ," मेडिकलवाला म्हणाला, "तिथं मी गार झालो."

"कसलं हरीण?" सर्व्हेअरनं हा गेम त्याच्या बराच आधी संपवलेला. "लांडग्यासारखं जनावर होतं की लगा. काळं."

"लांडगा कुठला? हरीण होतं. उन्हात उभं होतं."

"झोपेत खेळलायस तू."

दोघंही खरं बोलत होते. त्या गेममध्ये आपण कसं वागतो याचा हिशेब आतल्या आत चालू असतो. वाटेत अडलेल्याला घोड्यावर घेतलं, मासा परत पाण्यात सोडला, उगाच कुणाला मारलं, आगगाडीतल्या म्हातारीची पर्स काढून घेतली, सगळं धरलं जातं. भल्या आर्थरला शेवटाकडं हरीण दिसतं, वाईट आर्थरला ते काळं जनावर. त्याचा शेवटही त्यावरून बदलतो. सर्व्हेअरनं गाड्या लुटल्या होत्या, दुकानं लुटली होती, "गेमच आहे की" म्हणत. त्याला हरीण दिसणार कुठून? पण असं काही दुसरं दिसू शकतं हेच दोघांना ठाऊक नव्हतं, आणि म्हणून दोन शहाणी माणसं भर रस्त्यात जनावरावरून एकमेकांना खोटं पाडत होती.

मला त्या दिवसापासून वाटतं की विचारायचा प्रश्न एकच आहे: तिथं तू काय केलंस?

सांगलीला हे नीट समजायला हवं, कारण इथं बघून आल्यावर बोलण्याची सवय जुनी आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीता स्वयंवर’ रंगवलं तेव्हापासून या गावानं किती नाटकं पाहिली आणि किती रात्री त्यावर वाद घातला याची गणती नाही. माझे आजोबा भावे नाट्यमंदिरातून परत येताना सगळा रस्ता बोलत यायचे म्हणे. पण त्यांच्या वादाला एक पक्का आधार होता. पाचव्या रांगेतल्यानं आणि पंचविसाव्या रांगेतल्यानं तोच प्रयोग पाहिलेला असायचा. नटानं हे वाक्य चांगलं टाकलं की वाईट, एवढाच मतभेद. गेमचं तसं नाही. आधी काय घडलं तेच ताळा करून घ्यावं लागतं, आवडलं की नाही ते नंतर. म्हणून ऐकीव परीक्षणं वाचून गेमबद्दल बोलणारा माणूस मला फार लवकर ओळखू येतो. तो गेमबद्दल बोलतो, स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाही.

तर मेडिकलवाला काय केलंस म्हटल्यावर सुटला.

गेमच्या सुरुवातीच्या भागात आर्थरला टोळीतल्या सावकाराची उधारी वसूल करायला पाठवतात. एका कर्जबाजारी शेतकऱ्याला तो बदडतो आणि तो माणूस आर्थरच्या तोंडावर खोकतो. बहुतेक खेळणाऱ्यांना ते तिथं कळत नाही, पुढं कित्येक तासांनी कळतं. आमच्या माणसाला तिथल्या तिथं कळलं. "खोकला ऐकलास का त्याचा? टीबीच." दुकानात क्षयाच्या औषधांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं. ते एच-वनचं रजिस्टर तो रोज लिहितो. त्यामुळं बाकीच्यांसाठी जो शेवटी बसणारा धक्का होता, तो यानं पहिल्यापासून खिशात घेऊन सगळा गेम खेळला. माळावरून घोडा पळतोय, पोरं शेकोटीभोवती गाणी म्हणतायत, आणि हा मनात हिशेब करतोय की आता किती महिने.

पुढं एक डॉक्टर आर्थरला तपासतो आणि सांगतो, उबदार, कोरड्या हवेला जा, विश्रांती घे. बस्स. १८९९ साली याहून वेगळं सांगण्यासारखं काही नव्हतंच. जर्मन डॉक्टर कॉखनं १८८२ला क्षयाचा जंतू दाखवून दिला होता, पण त्याला मारणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ला सापडलं. मधली साठ वर्षं माणसाला रोगाचं नाव कळायचं आणि हवा बदलायचा सल्ला मिळायचा. आमच्या चहाच्या गाड्यावरून मिरजेच्या दिशेनं निघालं की वानलेसवाडी लागते. मिरजेत १८९४ला मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉक्टर वानलेसांचं नाव त्या वस्तीला आहे, आणि क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं ते तिथंच. कोरडी हवा, मोकळी जागा, विश्रांती. मेडिकलवाला हातातल्या कपानं तिकडं दाखवत म्हणाला, "त्या डॉक्टरनं जे सांगितलं तेच इकडं चाललेलं. आर्थर मिरजेला आला असता तरी हेच ऐकलं असतं त्यानं."

हे मी कुठल्याही परीक्षणात वाचलं नव्हतं आणि वाचणारही नव्हतो.

मग तो म्हणाला की पुढच्या भागात परत वसुलीला पाठवतात तेव्हा उधारी सोडून देता येते, ती त्यानं सगळी सोडली. सर्व्हेअर हसायला लागला. "सगळ्यांची सोडलीस? आणि दुकानातली वही?" दुकानातल्या वहीत सर्व्हेअरचंच नाव आहे, त्याच्या आईच्या बीपीच्या गोळ्यांचं. "ती वेगळी," मेडिकलवाला म्हणाला. "तिथं मी मरायला टेकलो होतो."

माझ्या वाटणीचा मोठा गेम ‘एल्डन रिंग’. २०२२चा, जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा. कठीण म्हणून त्याची ख्याती, आणि ख्याती खोटी नाही. सुरुवातीच्या किल्ल्याच्या दारात मार्गिट नावाचा एक राक्षस काठी घेऊन उभा असतो. सर्व्हेअरनं त्याला एकट्यानं तलवारीनं मारला. मी एका जेलीफिशचं भूत मदतीला बोलावलं. ते हवेत तरंगतं, विष थुंकतं, मी मागून टोचत राहतो. मेला. सर्व्हेअरच्या मते हे मारणं नव्हे. यावर आमच्यात अजून एकमत नाही, आणि मला त्याची फिकीर नाही. ज्यांनी गेम केला त्यांनीच भूत ठेवलंय ना तिथं?

या गेमची मला आवडलेली गोष्ट जमिनीवर असते. जगभरचे खेळणारे वाटेत चिठ्ठ्या सोडून जातात आणि त्या आपल्याला आपल्या गेममध्ये दिसतात. मनाला येईल ते लिहिता येत नाही, ठरलेल्या शब्दांतून निवडून वाक्य जुळवायचं. पुढं गुप्त वाट आहे. पुढं खोटारडा आहे. उडी मारून बघ. यातल्या निम्म्या खऱ्या, निम्म्या थापा. कड्याच्या टोकावर "उडी मारून बघ" वाचून किती जण खाली गेले असतील! तरीही एखाद्या भयाण गुहेत सगळे मार्ग संपले असताना कुणा परक्यानं मागं ठेवलेली "हिंमत धर" अशी चिठ्ठी दिसली की बरं वाटतं, हे मी कबूल करतो.

या चिठ्ठ्यांची आणि अनोळखी माणसांनी येऊन मदत करण्याची कल्पना हिदेताका मियाझाकी या दिग्दर्शकाची. २००९च्या ‘डेमन्स सोल्स’पासून ती चालत आली. तिचं मूळ त्यानं सांगितलंय. बर्फ पडलेल्या चढावर गाड्या अडकल्या होत्या, पुढची गाडी मागं घसरत होती. मग मागच्या गाडीनं पुढचीला ढकलत नेलं, तिच्या मागच्यानं तिला, असं करत सगळे चढ चढले. थांबून आभार मानायला गेला असता तर स्वतःची गाडी पुन्हा अडकली असती, म्हणून तो तसाच निघून गेला. ज्यानं मागून ढकललं तो कोण, कुठला, कधीच कळलं नाही. बर्फ आम्ही सिनेमातच पाहिलं, पण ही गोष्ट सांगलीत फोडून सांगावी लागत नाही. पुराच्या पाण्यात बंद पडलेली मोटरसायकल मागून कुणीतरी ढकलतं आणि मान वळवेपर्यंत तो माणूस दुसऱ्या गाडीकडं गेलेला असतो.

मियाझाकीची आणखी एक गोष्ट मला त्याहून जवळची. लहानपणी तो इंग्रजी पुस्तकं वाचायचा, अर्धं समजायचं नाही, मग जे समजलं नाही ते स्वतःच्या मनानं भरून काढायचा. त्याच्या गेममधल्या गोष्टी अशा तुटक, अर्ध्या सांगितलेल्या का असतात याचं उत्तर तिथं आहे.

आम्ही तरी काय वेगळं केलं? मराठी माध्यमातली पोरं, कॉलेज कॉर्नरकडच्या नेट कॅफेत तासाच्या हिशेबानं बसणारी. ‘आयजीआय’मध्ये मिशनच्या आधी बाई इंग्रजीत काय काय सांगायची, आम्हाला एवढंच कळायचं की कुंपणापलीकडं जायचंय आणि मधेच सेव्ह करता येत नाही. ‘व्हाइस सिटी’ आली तेव्हा टॉमी व्हर्सेटी कुणाचा माणूस, कुणी त्याला फसवलं, पैसे कुणाचे गेले, यातलं काहीही नीट समजलेलं नव्हतं. पण गोष्ट तर हवी. मग सर्व्हेअर, तेव्हाचा दहावीतला, ती सांगायचा. त्याच्या सांगण्यात टॉमीचा एक भाऊ होता, तो लहानपणी हरवलेला, आणि तो शेवटी भेटणार होता. असा भाऊ गेममध्ये कुठंही नाही. आम्ही मात्र त्याची वाट बघत सगळं शहर पालथं घातलं. सर्व्हेअर आजही म्हणतो की त्याची गोष्ट जास्त चांगली होती, आणि मला त्याला विरोध करवत नाही.

चीट कोड वहीच्या मागच्या पानावर असायचे, स्पेलिंगसकट पाठ. पँझर टाइप केलं की रणगाडा. लीव्हमीअलोन टाइप केलं की पोलीस माघारी. ॲस्पिरिन टाइप केलं की तब्येत ठणठणीत. मेडिकलवाल्यानं पुढं डी.फार्मला प्रवेश घेतला तेव्हा हा विनोद करून झालेला आहे, पुन्हा नको.

आता सर्व्हेअरकडं येतो, कारण यंदाचं सगळ्यात चांगलं सांगणं त्याचं होतं.

त्यानं ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ संपवला. लुकस पोप नावाच्या एका माणसानं केलेला, २०१८चा. रंग दोनच, जुन्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरच्या पडद्यासारखे. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज १८०२ला लंडनहून निघतं, बेपत्ता होतं, आणि १८०७ला रिकामं, शिडं फाटलेलं, इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतं. जहाजावर साठ माणसं होती. एकेकाचं काय झालं ते आपण शोधायचं. आपण कोण? कंपनीचा विमा निरीक्षक.

हे वाचून त्यानं गेम घेतला नव्हता. घेतल्यावर कळलं. "दिवसभर तेच करतो आणि रात्री पैसे देऊन तेच करायचं?" असं म्हणत म्हणत त्यानं तो सोडला नाही. हातात एक घड्याळ असतं. सांगाड्यापाशी ते उघडलं की त्या माणसाच्या मरणाआधीचे आवाज ऐकू येतात आणि मग मरणाचा क्षण थिजलेला दिसतो. त्यात आपण फिरायचं. कोण कुणाकडं बघतोय, कुणाच्या हातात काय आहे. नाव कुठंच लिहिलेलं नसतं. बोलण्याच्या धाटणीवरून देश ओळखायचा, झोपायच्या झोळीवरच्या आकड्यावरून खलाशी ओळखायचा, बुटांवरून ओळखायचा. जहाजावर आपल्याकडचेही खलाशी आहेत. वहिनींनी त्याला विचारलं, त्यांना कसं ओळखलंत, भाऊजी? तो म्हणाला, "सगळे एकत्र बसलेले असतात, एका बाजूला. आपली माणसं कामावर कुठं बसतात ते मला माहितीय."

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली आणि पेठेतली दुकानं बुडाली. पाणी उतरल्यावर हा दारोदार फिरला. भिंतीवरची पाण्याची रेघ मोजायची, गाळात बसलेला माल बघायचा, भिजून लगदा झालेल्या बिलांची पानं सोडवायची, आणि मालक सांगतो त्यातलं किती धरायचं ते ठरवायचं. सगळे खरंच बुडालेले असतात, तरी सगळ्यांचं सगळं खरं नसतं. त्या महिन्यात त्यानं जे बघितलं ते तो सहसा बोलत नाही. ओब्रा डिनच्या निमित्तानं बोलला, आणि गेमची तक्रार म्हणून बोलला.

गेममध्ये असं आहे, की तीन माणसांची नावं आणि मरणं बरोबर लिहिली की पुस्तक तुम्हाला कळवतं: ही तीन बरोबर. ती अक्षरं छापल्यासारखी पक्की होतात. खेळताना या गोष्टीची अशी चटक लागते की माणूस जेवण विसरतो. सर्व्हेअर म्हणाला, "तीन झाली की सांगतात बरोबर आलं म्हणून. मला कुणी सांगितलंय का आजवर? मी लिहिलं, पाठवलं, चेक निघाला नाहीतर नाही निघाला. मी बरोबर लिहिलं का, ते कुणालाच माहीत नाही. मलापण नाही."

शेवटी गेममध्ये एक पत्र येतं. तुम्ही जे लिहिलं त्यावरून कुणाच्या वारसाला किती भरपाई, कुणाला दंड, याची यादी. आपण चुकीचं नाव लिहिलं असेल तर निरपराध माणसाच्या घरी दंड जातो. बाकीचे खेळणारे त्या यादीवरून नजर फिरवून पुढं जात असतील. यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, परत वर गेला, परत वाचली. गेम कसा आहे असं त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, चांगलाय, ग्राफिक्स जुनी आहेत.

मधल्या काळात मी ‘राजी’ संपवला, तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलाय, २०२०चा. लोकांकडून पैसे उभे करायची त्यांची किकस्टार्टर या साइटवरची खटपट २०१७ला फसली होती, तरी त्यांनी तो पुरा केला, याचं कौतुक आहेच. राजी नावाची डोंबाऱ्याची पोर राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत जाते. दुर्गा आणि विष्णू वरून बघतात आणि बोलतात. मारामारी अडखळत चालते, कोलांटी मारताना राजी नको त्या कोपऱ्यात जाते, आणि शेवट इतका अचानक की मला वाटलं लाइट गेली. पुण्याचा म्हणून मी त्याला जास्त मार्क देणार नाही. पण भिंतींवरची चित्रं सुंदर आहेत, आणि त्यांच्यासमोर थांबलं की गोष्टी कळतात. आई मागं बसून तांदूळ निवडत होती. महिषासुराची गोष्ट लागली तेव्हा तिनं निवेदनाच्या पुढं जाऊन ती मला पूर्ण सांगितली, दोन ठिकाणी गेमला दुरुस्त केलं, आणि मग विचारलं, "ही पोरगी जेवते कधी?"

सर्व्हेअरच्या भाचीला एकदा आम्ही गाड्यावर आणलं होतं. ती बीजीएमआय हा मोबाइलवरचा गेम खेळते, चांगली खेळते, तिचा चमू आहे. आम्ही गेम संपवण्याबद्दल बोलत होतो तर म्हणाली, "संपतो म्हणजे?" तिचा गेम संपत नाही, सीझन बदलतो. आमच्याकडं बघण्याची तिची नजर साधारण पोथी लावणाऱ्या म्हाताऱ्यांकडं बघावं तशी होती. ती परत आली नाही. तिचंही बरोबर आहे.

यंदा एक गेम मात्र आम्ही चौघांनी लागोपाठ संपवला, फारसा उशीर न करता: ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३’. फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरातल्या सँडफॉल नावाच्या नव्या स्टुडिओचा, २०२५चा. मोठ्या कंपन्यांच्या मानानं किंमत कमी ठेवलेली, हेही एक कारण. एक चित्रकर्ती दरवर्षी एका प्रचंड शिळेवर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं हवेत विरून जातात. आकडा वर्षाला एकानं खाली येतो. आता ३३ वर आलाय. आम्ही सगळे चाळिशीला टेकलेले. मेडिकलवाला म्हणाला, या गावात आपला कट्टा भरलाच नसता.

शेवटी एक निवड आहे. काय ते सांगत नाही, हा गेम अजून नवा आहे. एवढंच, की एका बाजूला लाडकी माणसं जपून ठेवलेलं एक जग आहे आणि दुसऱ्या बाजूला ते सोडून देणं आहे. मेडिकलवाल्यानं सोडून दिलं. उधारी माफ करणारा, हरीण दिसणारा माणूस, आम्हाला वाटलं हा जपेल. तो म्हणाला, "दुकानात लोक आयसीयूतून चिठ्ठी घेऊन येतात. रोज नवीन चिठ्ठी. पंधरा-पंधरा दिवस. मला माहीत असतं, त्यांनाही माहीत असतं. कुणीतरी सांगायला पाहिजे की आता बास."

वहिनींनी त्याच कॉम्प्युटरवर, स्वतःच्या सेव्हवर, दुसरी बाजू घेतली होती. त्या म्हणाल्या, "अहो, पण त्या जगातल्या माणसांना कुणी विचारलं? ती हसतात, रडतात, पोरं वाढवतात. ती खरी नाहीत हे ठरवणारे तुम्ही कोण?"

"खरी नाहीतच ती."

"मग आर्थरसाठी का रडलात?"

याला त्याच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही, आणि मी कुठली बाजू घेतली ते मी त्या दिवशी बोललो नाही, कारण नवरा-बायकोच्या मधे कशाला पडा. वाद इतका लांबला की गाडीवाल्यानं बाकडी उचलायला घेतली. सर्व्हेअर तेवढा शांतपणे भडंग खात होता. त्यानं दोन्ही शेवट बघून घेतले होते, एक स्वतः, एक यूट्यूबवर. आमच्यात याला मान नाही.

सध्या बोलायची पाळी वहिनींची आहे आणि आमची पंचाईत. त्यांनी ‘आउटर वाइल्ड्स’ सुरू केलाय. २०१९चा हा गेम आम्ही तिघांनी आधीच संपवलेला. छोटी सूर्यमाला, लाकडाचं खेळण्यासारखं यान, आणि बावीस मिनिटं. बावीस मिनिटांनी काय होतं ते पहिल्याच फेरीत कळतं, आणि मग परत पहिल्यापासून. यात शस्त्र वाढत नाही, ताकद वाढत नाही. वाढतं ते फक्त तुम्हाला काय माहीत झालं एवढंच. म्हणून हा गेम एकदाच खेळता येतो. आम्हा तिघांना परत खेळायचाय आणि शक्य नाही. एखादा शब्द तोंडातून गेला तर त्यांचाही जाईल. तर नियम असा ठरला, की वहिनींनी काहीही बोलावं, आम्ही चहा प्यावा.

हे फार अवघड जातं. परवा म्हणाल्या, "ते यंत्र आहे ना, लांबचे आवाज ऐकायचं, ते मी आकाशात फिरवत होते. एका ग्रहावर एकजण बँजो वाजवतोय, दुसऱ्यावर ढोल, कुणी बासरी, कुणी नुसती शीळ. लांब गेले आणि सगळे एका रेषेत घेतले. भाऊजी, हे सगळे मिळून एकच गाणं वाजवतायत. लयीत. एकमेकांना ऐकू येत नसताना." वहिनींचं माहेर मिरजेला, सतारमेकर गल्लीच्या जवळ. तंबोरा जुळवतानाचे आवाज ऐकत त्या मोठ्या झाल्या. मी तो गेम अख्खा खेळून संपवला तरी माझ्या कानाला हे कळलं होतं ते फार उशिरा. सर्व्हेअरनं माझ्याकडं बघितलं. मी गाडीवाल्याला म्हटलं, अजून दोन कटिंग दे.

मग त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. शाळेतली, चौकटींची. बावीस मिनिटांचे बावीस रकाने, आणि खाली प्रत्येक ग्रहाची ओळ. एकमेकांभोवती फिरणारे जे दोन ग्रह आहेत, ज्यांतल्या एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जाते, त्यांचा आलेखच काढलेला: कितव्या मिनिटाला कुठली गुहा बुजते, कितव्याला कुठलं दार उघडं पडतं. मेडिकलवाल्याला आतापर्यंत दाखवली नव्हती. आम्ही तिघं त्या वहीवर वाकलो.

"वहिनी," सर्व्हेअर म्हणाला, "याचा मोबाइलवर एक फोटो काढू का?"

त्यांनी वही मिटली. "तुमचं संपलंय ना, भाऊजी? मग?"